गळक्या पेटीतलं वंगण : डिझेल इंजिनाचे ट्रॅक्शन गिअर आणि त्यांचं काळं कंपाउंड

रेल्वेच्या डिझेल इंजिनात डिझेलचा आणि चाकांचा थेट संबंध येत नाही. वर धडधडणारं सोळा सिलिंडरचं धूड फक्त वीज तयार करतं. ती वीज जाड केबलींमधून खाली बोगीत, म्हणजे चाकं बसवलेल्या खालच्या सांगाड्यात, उतरते. तिथे प्रत्येक ॲक्सलला, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्याला, एक मोटर जोडलेली असते आणि चाक फिरवायचं काम तिचं. इथवर बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण मोटर आणि चाक यांच्या मध्ये आणखी एक टप्पा आहे आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. दोन गिअर, त्यांच्यावर एक पत्र्याची पेटी आणि पेटीत काही किलो काळंकुट्ट, चिकट वंगण. कपड्याला लागलं की कपडा गेला म्हणून समजायचं.

इंजिनांची देखभाल होते त्या शेडमध्ये त्याला नुसतं ‘कंपाउंड’ म्हणतात. जुने लोक ‘कार्डियम’ म्हणतात. ते मुळात एका कंपनीच्या मालाचं नाव, पण पुढे कुठल्याही कंपनीच्या मालाला तेच चिकटलं.

पहिल्यांदा ते पाहणाऱ्याला प्रश्न पडतो, हे इतकं घट्ट कशाला? मोटारगाडीच्या गिअरबॉक्समध्ये तर ओतता येईल असं साधं तेल असतं आणि ते वर्षानुवर्षं टिकतं. इंजिनाचे गिअर अवजड, म्हणून वंगणही अवजड, असं उत्तर सहसा मिळतं. ते अर्धंच खरं आहे. माझ्या मते या वंगणाची निवड गिअरच्या दात्यांनी जितकी केली, त्यापेक्षा जास्त त्या पेटीने केली. पण आधी दात्यांचं पाहू, कारण त्यांचं काम खरोखरच कठीण आहे.

उदाहरणाला डब्ल्यूडीएम-२ घेऊ. १९६२ मध्ये अमेरिकेच्या अल्को कंपनीकडून ही इंजिनं आली, १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनू लागली आणि पुढची काही दशकं देशभर मेल, पॅसेंजर, मालगाडी, सगळं त्यांनी ओढलं. इंजिन २,६०० अश्वशक्तीचं, मोटरी सहा. वरचा थोडा खर्च वजा केला तर प्रत्येक मोटरीच्या वाट्याला सुमारे ४०० अश्वशक्ती येतात. मोटरीच्या दांड्यावर १८ दात्यांचा छोटा गिअर असतो, तो पिनियन. ॲक्सलवर दाबून बसवलेला मोठा गिअर ६५ दात्यांचा. म्हणजे चाकाचा एक फेरा होईपर्यंत मोटरीचे साडेतीनहून जास्त फेरे होतात. वेग कमी होतो आणि त्याच प्रमाणात जोर वाढतो.

मालगाडीसाठीच्या डब्ल्यूडीजी-३ए ला हेच प्रमाण ७४ ला १८ ठेवलं, म्हणजे ओढ जास्त, वेग कमी. नंतरच्या डब्ल्यूडीजी-४ ला ते ९० ला १७ आहे आणि तिच्याच कुळातल्या प्रवासी गाड्यांच्या डब्ल्यूडीपी-४ ला ७७ ला १७.

आता दाब किती ते बघा. गाडी जागची हलवताना डब्ल्यूडीएम-२ चाकांच्या कडेला जास्तीत जास्त तीस टनांच्या आसपास ओढ देऊ शकते. सहा ॲक्सलांत वाटली तर प्रत्येकी पाच टन. मोठा गिअर चाकापेक्षा लहान असतो, असावाच लागतो, नाहीतर तो रुळाखालच्या खडीत घुसेल. त्यामुळे त्याच्या दात्यावरचं बळ या पाच टनांहून जास्तच भरतं. आणि हे सगळं एका वेळी एक किंवा फार तर दोन दात्यांच्या जोड्या पेलतात, तेही दात्याच्या रुंदीभर पसरलेल्या एका अरुंद पट्टीवर.

हे एकदा झालं तर पोलाद सहन करील. पण नवं चाक १,०९२ मिलिमीटर व्यासाचं असतं, म्हणजे किलोमीटरला त्याचे सुमारे २९१ फेरे होतात आणि पिनियनचे १,०५० च्या आसपास. कोकण रेल्वे रोह्यापासून ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर आहे. २०२२ मध्ये ती पूर्ण विजेवर येईपर्यंत तिथे डिझेलचंच राज्य होतं. इकडून तिकडे एक फेरी झाली की पिनियनचा प्रत्येक दाता पावणेआठ लाख वेळा भाराखाली आलेला असतो. एका फेरीत!

दाते एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, हा पुढचा मुद्दा. गिअरचे दाते एकमेकांवरून लोळतात असं चित्रात दिसतं, पण निव्वळ लोळणं फक्त दात्याच्या साधारण मध्यावर होतं. तिथून वर आणि खाली ते घसरतात. पिनियनच्या दात्याचं टोक मोठ्या गिअरच्या दात्याच्या मुळाकडच्या भागावर घासत जातं, आणि त्याच्या उलटही. वंगणाची खरी परीक्षा या घसरण्यात असते.

धातू धातूवर घसरताना मध्ये तेलाचा पापुद्रा हवा. गिअर वेगात फिरत असले तर तो आपोआप तयार होतो. दोन पृष्ठभाग जिथे भेटतात त्या सांध्यात तेल ओढलं जातं, आणि तिथला दाब इतका भयंकर असतो की क्षणभरासाठी तेल जवळजवळ घन पदार्थासारखं वागतं. पळून जायला त्याला सवडच मिळत नाही. हा पापुद्रा मायक्रॉनच्या हिशोबातला, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास. एवढ्याशा थरावर ४०० अश्वशक्तींची मोटर पेललेली असते हे मला अजूनही थोडं अविश्वसनीय वाटतं.

मात्र हा पापुद्रा वेगावर जगतो. वेग नाही तर पापुद्रा नाही. आणि रेल्वेच्या इंजिनाचं दुर्दैव असं, की सर्वांत जास्त जोर नेमका वेग शून्य असताना लागतो. गाडी सुटताना, किंवा घाट चढताना.

गोव्यातला ब्रगांझा घाट घ्या. कॅसलरॉक ते कुळे, चढ १ ला ३७. मुरगावच्या बंदरातून निघालेली मालगाडी इथून वर काढायची म्हणजे पुढे-मागे मिळून चार-पाच इंजिनं लागतात आणि वेग सायकलवाल्याला गाठता येईल इतपत. मोटरी पूर्ण जोर लावून हळूहळू फिरत असतात. त्या वेळी तेलाचा पापुद्रा फाटतो आणि दात्यांचे उंचवटे एकमेकांना भिडतात. मग घाट उतरताना वेगळीच गंमत. डायनॅमिक ब्रेक लावला की मोटरी जनित्र बनतात आणि चाकच मोटरीला फिरवू लागतं. दात्याच्या ज्या बाजूवर चढताना भार होता ती मोकळी होते आणि दुसऱ्या बाजूवर भार येतो. दोन दात्यांमध्ये मुद्दाम ठेवलेली फट असते, तेवढं अंतर ओलांडून दाता दुसरीकडे जाऊन आदळतो. चाक घसरून पुन्हा रुळाला पकडतं तेव्हाही असाच दणका बसतो.

पापुद्रा फाटल्यावर वाचवणारं काहीतरी वंगणात मिसळलेलं असावं लागतं. हे काम गंधक आणि फॉस्फरसची संयुगं करतात. धातूला धातू घासला की त्या टोकावर क्षणात प्रचंड उष्णता होते. त्या उष्णतेने ही संयुगं लोखंडाशी संयोग पावतात आणि पोलादावर एक पातळ, मऊ, सहज झिजणारा थर तयार होतो. दात्याऐवजी तो थर झिजतो, पुन्हा तयार होतो, पुन्हा झिजतो. पूर्वी गिअरच्या वंगणांत शिशाची संयुगंही असत. ती विषारी म्हणून मागे पडली. काही वंगणांत ग्रॅफाइट किंवा मॉलिब्डेनम डायसल्फाइडची पूड असते. तिचे थर एकमेकांवरून सरकतात आणि त्यांना वेगाची गरज नसते.

(एक छोटं विषयांतर. १८ आणि ६५ या आकड्यांना कोणताही सामाईक विभाजक नाही. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दाता मोठ्या गिअरच्या प्रत्येक दात्याला पाळीपाळीने भेटतो आणि एखाद्या दात्यातला दोष एकाच जोडीदाराला छळत बसत नाही. ९० ला १७ आणि ७७ ला १७ मध्येही तेच. ७४ ला १८ मध्ये मात्र दोघांनाही दोनाने भाग जातो, म्हणून पिनियनचा दाता ७४ पैकी ३७ दात्यांनाच ओळखतो. हिशोब करून बघा.)

इथपर्यंतच्या सगळ्या गरजा एखादं जाड, चांगलं गिअर तेल भागवू शकलं असतं. आता पेटीकडे या.

मोटर बोगीत कशी बसवलेली असते ते आधी समजून घ्यावं लागतं. तीन टनांच्या आसपास वजनाची ही मोटर एका बाजूने थेट ॲक्सलवर टेकलेली असते आणि दुसऱ्या बाजूने तिचं ‘नाक’ बोगीच्या आडव्या तुळईवर रबराच्या पॅडवर विसावलेलं असतं. म्हणजे मोटरीचं जवळजवळ निम्मं वजन स्प्रिंगशिवाय चाकावर. रुळाचा प्रत्येक सांधा, प्रत्येक क्रॉसिंग मोटरीला आणि तिला बोल्टांनी जोडलेल्या गिअरकेसला, म्हणजे आपल्या पेटीला, थेट जाणवतं.

त्यात ॲक्सलवर मोटर टेकवायला जुन्या इंजिनांत पितळी कवचाचे, आत मऊ धातूचा थर असलेले साधे सस्पेन्शन बेअरिंग असत. अशा बेअरिंगमध्ये ॲक्सलभोवती थोडी फट ठेवावीच लागते आणि झिजेबरोबर ती वाढत जाते. मोटर ॲक्सलवर आडवी थोडीशी सरकते, वर-खालीही हलते. गिअरकेस मोटरीला पक्की, ॲक्सल मात्र त्या पेटीच्या भोकातून आरपार गेलेला. दोघं एकमेकांच्या तुलनेत सतत हलत असतील तर त्या भोकाला घट्ट सील लावणार कसं? फेल्ट लावा, खाचाखाचांची वाट काढून द्या. तेल आज ना उद्या बाहेर येणारच.

शिवाय पेटी अखंड करता येत नाही. गिअर आणि दोन्ही चाकं ॲक्सलवर दाबून बसवलेली, त्यामुळे पेटी वरून-खालून दोन भागांत आणूनच बोल्टांनी जोडावी लागते. तो जोड गळतो. पेटी रुळाच्या अगदी जवळ लोंबते, खालून खडी उडून लागते, पत्र्याला पोचे पडतात, वेल्डिंग चिरतं. बोल्ट ढिले होऊन गिअरकेस रुळांवर पडण्याच्या घटना शेडमध्ये सर्वांत जास्त घाबरवणाऱ्या असतात, कारण तिच्यावर मागचं चाक चढलं तर गाडी घसरू शकते.

म्हणून कंपाउंड. पेटी गळकी आहे हे मान्य करून गळणार नाही असं वंगण बनवलं गेलं. पेट्रोलियमचं जड, डांबराच्या जातीचं मूळ द्रव्य, त्यात दाब सोसणारी रसायनं. ते दात्यांना चिकटतं, फिरताना फेकलं जात नाही, फटीपाशी पोचलं तरी सावकाशच बाहेर येतं, आणि पाण्याला दाद देत नाही. इथे पंप नाही, गाळणी नाही. मोठ्या गिअरचा तळ कंपाउंडात बुडतो, वर येताना दात्यांना लागलेलं घेऊन येतो आणि पिनियनला लावतो. एवढीच यंत्रणा.

कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात घट्ट वंगणाचा स्वभाव गुऱ्हाळातल्या काकवीसारखा असतो, उन्हात धावतं आणि थंडीत हलत नाही. विदर्भातल्या मे महिन्यात खाली खडी तापलेली, वर मोटर तापलेली. कंपाउंड पातळ होतं आणि ज्या सांध्यातून हिवाळ्यात थेंब येत नव्हता तिथून तार धरतं. उलट कडक थंडीत, विशेषतः इंजिन रात्रभर उभं राहिल्यावर, गिअर कंपाउंडात आपल्या रुंदीचा चर पाडतो आणि तो चर लगेच भरून येत नाही. पेटीत वंगण भरपूर असतं, दाते मात्र कोरडे फिरतात. आपल्याकडे उन्हाळ्याचा त्रास मोठा. कॅनडासारख्या देशात, जिथे तापमान उणे तीस-चाळीसपर्यंत जातं, तिथे चराचा.

अमेरिकेत हा चिकट माल भरण्याची एक मजेशीर रीत रुळली. कंपाउंड प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून येतं आणि पिशवी फोडायचीच नाही. झाकण उघडून आख्खी पिशवी गिअरकेसमध्ये टाकायची. गिअर फिरले की पिशवीच्या चिंध्या होतात आणि त्या वंगणातच जिरतात. ऐकायला अघोरी वाटतं, पण डब्यातून डांबर खरवडत बसण्यापेक्षा बरं.

आता भरायचं किती? नव्या माणसाला वाटतं, जास्त घातलं तर काय बिघडलं. बिघडतं. पातळी वर गेली की गिअर कंपाउंड घुसळत बसतो, घुसळण्याने ते तापतं, तापून पातळ होतं आणि गळतं. म्हणजे जास्तीचं घातलेलं आपलं आपण बाहेर येतं, येताना थोडं सोबतही घेऊन. बाहेर आलेलं कुठे पडतं हे महत्त्वाचं. चाकाच्या धावेवर पडलं तर रुळाची पकड जाते, आणि मग वर ड्रायव्हर वाळू सोडून सोडून हैराण. त्याहून वाईट म्हणजे ते मोटरीत शिरणं. पिनियनच्या मागेच मोटरीचं रोलर बेअरिंग असतं आणि त्यात वेगळं ग्रीस भरलेलं असतं. कंपाउंड तिथे घुसलं की ग्रीस बिघडतं; आणखी आत गेलं तर तांब्याच्या वेटोळ्यांवर बसतं, त्यावर धूळ आणि कार्बन चिकटतो आणि विजेचं इन्सुलेशन खराब होतं. वंगण जास्त घातल्यामुळे मोटर जळाली, असं नंतर कुणाला पटवून देणं अवघड असतं.

कमी पडलं तर काय होतं ते दात्यांवर लिहिलेलं असतं. सुरुवातीला घसरण्याच्या दिशेने ओरखडे. मग दात्याच्या मध्याखाली सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे. हे पोलाद थकल्याचं लक्षण, खालून कण सुटून आलेले असतात. दाता झिजत गेला की माथा धारदार होतो. शेवटी मुळाशी चीर जाऊन दाता तुटतो. तुटलेला तुकडा पेटीतच असतो आणि पुढच्या फेऱ्यात दोन गिअरांच्या मध्ये येऊ शकतो. तसं झालं तर ॲक्सल अडकतो. बाकीची पाच मोटर-जोडपी गाडी ओढतच असतात आणि अडकलेलं चाक रुळावरून घासत जातं, त्याला चपटी जागा पडते. घासणारं चाक लाल होईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही तर प्रकरण गंभीर होतं. म्हणूनच नव्या पिढीच्या इंजिनांत ॲक्सल अडकल्याची सूचना केबिनमध्ये येण्याची सोय असते.

तपासणी मात्र तशी साधी. इंजिन पिटवर, म्हणजे रुळांमधल्या तपासणीच्या खड्ड्यावर, घ्यायचं, झाकण काढून पट्टी घालायची, पातळी बघायची, बोल्ट ठोकून बघायचे, पेटीच्या खाली आणि चाकाच्या आतल्या बाजूला गळतीचे डाग बघायचे. अवघड भाग असा की कंपाउंड काळं असल्यामुळे त्यात लोखंडाची पूड मिसळली आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही. चिमूटभर बोटांत चोळून बघणारे फिटर असतात. खरखर लागली की ते पेटी उघडायला लावतात. चोळण्यापेक्षा प्रयोगशाळेतली लोहतपासणी अचूक, यात वाद नाही. पण अहवाल यायच्या आत इंजिन पुन्हा गाडीला लागलेलं असतं.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट. मुंबईत रूळ पाण्याखाली गेले की लोकल थांबतात. त्याचं एक मोठं कारण हेच, की लोकलच्या मोटरीही अशाच ॲक्सलजवळ, खाली लोंबतात. पाणी मोटरीत शिरलं की वीजच बंद. गिअरकेसमध्ये शिरलं तर डांबरी कंपाउंड ते सहजासहजी स्वीकारत नाही, पाणी वेगळं राहतं. पातळ तेल मात्र घुसळून पांढुरकं होतं आणि त्याचा दम जातो.

मग पुढे काय बदललं? पेटी बदलली, तीही वंगणाचा विचार करून नव्हे. साध्या सस्पेन्शन बेअरिंगना लोकरीच्या किंवा फेल्टच्या वातीने तेल पुरवावं लागे. वात सुकली, तेल संपलं की बेअरिंग जळे. हा त्रास संपवायला शंकूच्या आकाराच्या रोलरची बेअरिंग आली. त्यांत ॲक्सलभोवतीची फट फारच कमी. मोटर ॲक्सलवर जागच्या जागी बसली, दोन गिअरांमधलं अंतर पक्कं झालं, दाते पूर्ण रुंदीवर सारखे टेकू लागले, आणि पेटीच्या भोकाला नीट सील लावता येऊ लागलं. पेटी गळायची थांबल्यावर डांबराची गरजही कमी झाली. मग अर्धप्रवाही ग्रीस आणि कृत्रिम तेलं आली. थंडीत ती चर पाडत नाहीत, घुसळताना कमी शक्ती खातात, टॉप-अप कमी लागतं. थ्री-फेज मोटरींच्या नव्या विजेच्या इंजिनांत तर गिअरकेसमध्ये सरळ ओतता येणारं तेल असतं आणि त्याची पातळी काचेतून दिसते.

डिझेल इंजिनं आता मागे हटत आहेत, पण ॲक्सलवर टेकलेली मोटर, पिनियन आणि मोठा गिअर ही मांडणी विजेच्या इंजिनांखालीही तशीच आहे. जुन्या डीसी मोटरींची विजेची इंजिनं अजून धावत आहेत, आणि त्यांच्यामुळे शेडमध्ये दोन्ही जातींची वंगणं शेजारी शेजारी असतात. सध्याची खरी डोकेदुखी ही आहे. डांबरी कंपाउंडात कृत्रिम तेल किंवा साबणावर आधारलेलं ग्रीस पडलं तर मिश्रण दोघांचेही गुण धरत नाही. कधी पातळ होऊन गळतं, कधी गोळे धरतं आणि दात्यांपर्यंत पोचतच नाही. पेटीत आधी काय आहे याची खात्री नसेल तर टॉप-अप करू नये. पेटी खाली उतरवावी, गिअर पुसून कोरडे करावेत, नवं वंगण भरावं आणि त्याचं नाव रंगाने पेटीवर लिहावं. पिटमध्ये खाली उभ्या असलेल्या माणसाला वाचता येईल अशा बाजूला.